भोजनप्रार्थनेच्या वेळचें मौन

शाळा सोडून महाविद्यालयांत गेलेलीं आमचीं मुलें नाताळच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटींत घरीं येतात, तेव्हां त्यांच्याबरोबर कपड्यांपुस्तकांखेरीज आणखीहि कांहीं येत असतें. कोणी नवीं मतें घेऊन येतो, कोणी जुन्या मतांविषयीं शंका घेऊन येतो, आणि एखादा देवावरील विश्वासच मागें ठेवून येतो. हा शेवटचा प्रकार पूर्वीहि होता व आजहि आहे. तो नाहींच असें समजून चालणें शहाणपणाचें नव्हे. अशा मुलाची अथवा मुलीची पहिली अडचण उपासनामंदिरांत होत नाहीं. तेथें मंडळी पुष्कळ असते. मागच्या बाकावर बसलेल्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. खरी अडचण होते ती जेवणाच्या वेळीं. घरांत माणसें चारपांच, ताटें वाढलेलीं, वडील डोळे मिटून आशीर्वाद मागत आहेत, आणि आपण काय करावें हें त्यास सुचत नाहीं. डोळे मिटावे तर ढोंग केल्यासारखें वाटतें. उघडे ठेवावे तर आईचें मन दुखावेल अशी भीति वाटते. हा प्रसंग दिवसांतून दोन वेळां येतो, म्हणून तो लहान असला तरी क्षुल्लक नाहीं. या बाबतींत सल्ला विचारण्यास आमच्याकडे माजी विद्यार्थीहि येतात व त्यांचे आईबापहि येतात. यास्तव आमचें मत एकदां स्पष्टपणें मांडावें, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमची स्वतःची भूमिका सांगतों. आम्ही श्रद्धावंत आहों. आमच्या घरीं प्रार्थनेवांचून घास उचलला जात नाहीं, आणि ती चाल मोडावी असें आम्हांस कधींहि वाटलें नाहीं. तरीहि आमचें मत असें आहे कीं, ज्याचा विश्वास नाहीं त्यानें प्रार्थनेच्या वेळीं पंगतींत स्वस्थ व आदरानें बसावें, पण मनांत नाहीं तें तोंडानें म्हणूं नये. आणि घरच्यांनीं त्याच्याकडून याहून अधिक कांहीं मागूं नये. हें मत श्रद्धेस सोडून नाहीं, उलट श्रद्धेंतूनच निघतें, असें आम्ही दाखवूं इच्छितों.

अन्न घेण्यापूर्वीं किंवा घेतल्यावर देणाऱ्याचें स्मरण करावें, ही कल्पना फार जुनी आहे. अनुवादाच्या आठव्या अध्यायांत, पोटभर जेवल्यावर उत्तम भूमि देणाऱ्या परमेश्वराचा धन्यवाद करण्याची आज्ञा इस्राएल लोकांस दिलेली आहे, आणि तिला धरूनच यहुदी लोक आजहि जेवणानंतर आशीर्वाद म्हणतात. प्रभु येशूनें हजारोंस भाकरी वांटण्यापूर्वीं, तसेंच शेवटल्या भोजनाच्या वेळीं, उपकार मानले. ही चाल केवळ आमच्याच लोकांत आहे असेंहि नाहीं. आमच्या हिंदु शेजाऱ्यांच्या जुन्या वळणाच्या घरांत चित्राहुती घालून आपोशनी घेतात व श्लोक म्हणून जेवणास आरंभ करितात. मुसलमान बंधु 'बिस्मिल्ला' म्हणून पहिला घास घेतात. कोकणांतून आलेल्या बेने इस्राएल घराण्यांत शब्बाथाच्या सायंकाळीं इब्री भाषेंत आशीर्वाद म्हणतात. म्हणजे आज आम्ही ज्या अडचणीचा विचार करीत आहों ती कोणत्याहि धर्माच्या घरांत उत्पन्न होऊं शकते, आणि होतहि असते.

या सर्व उदाहरणांपैकीं आमच्या प्रश्नास अगदीं लागू पडणारें एक उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायांत आहे. पौल कैदी म्हणून रोमास जात असतां जहाज वादळांत सांपडलें. चौदा दिवस कोणी धड जेवलें नव्हतें. जहाजावर २७६ माणसें होतीं, आणि त्यांत शिपाई, खलाशी व इतर कैदी असा नाना देवांचा मेळा होता. पौलानें त्यांस अन्न घेण्याची विनंति केली, स्वतः भाकरी घेतली, सर्वांच्या देखत देवाचे उपकार मानले, आणि ती मोडून खाऊं लागला. तेव्हां सर्वांस धीर आला व तेहि जेवले. येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, सभोंवार न मानणारे लोक आहेत म्हणून पौलानें आपली प्रार्थना गिळली नाहीं. दुसरी ही कीं, आधीं माझ्याबरोबर प्रार्थना करा, मग भाकरी घ्या, अशी अट त्यानें कोणासहि घातली नाहीं. त्याची प्रार्थना त्याची होती. भाकरी मात्र सर्वांची होती. आमच्या मतें घरच्या पंगतीचा सारा नियम एवढ्यांत आला.

आतां न मानणाऱ्या मुलाच्या बाजूनें पाहूं. भोजनप्रार्थनेंत तीन निरनिराळ्या क्रिया आहेत, व त्या एकच समजल्यामुळें पुष्कळ घोटाळा होतो. पहिली क्रिया म्हणजे पंगतींत थांबणें, सर्व बसेपर्यंत व प्रार्थना संपेपर्यंत ताटास हात न लावणें. दुसरी म्हणजे मान लववणें किंवा डोळे मिटणें. तिसरी म्हणजे 'आमेन' म्हणणें, अथवा स्वतः प्रार्थना चालविणें. यांपैकीं पहिली क्रिया ही केवळ सभ्यता आहे. यजमान बसल्यावांचून पाहुणा जेवूं लागत नाहीं. तींत कोणत्याहि मताची कबुली नाहीं. ती न करणें म्हणजे नास्तिकता नव्हे, असभ्यता होय. दुसरी क्रिया सीमेवरची आहे. मान लववणें हा कोणास पूजेचा भाग वाटेल, कोणास वडीलमाणसांचा आदर वाटेल. ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें. ज्यास तेंहि जड वाटतें त्यानें दृष्टि आपल्या ताटाकडे लावून स्वस्थ बसावें. एवढ्यानें कोणाचा अपमान होत नाहीं. तिसरी क्रिया मात्र निराळ्या जातीची आहे. 'आमेन' या इब्री शब्दाचा अर्थच 'खरोखर, तसेंच असो' असा आहे. तो शब्द म्हणजे सही आहे. जें आपणास खरें वाटत नाहीं त्यावर सही करूं नये, हें आम्हीच वर्गांत मुलांस शिकवितों; मग घरीं त्यांनीं ती करावी अशी अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडानें करावी?

आदरयुक्त मौन म्हणजे अनादर नव्हे, हें तत्त्व आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि मान्य केलें आहे. केरळांतील 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाच्या एका कुटुंबांतील तीन भावंडें शाळेंत राष्ट्रगीताच्या वेळीं नीट उभीं राहत, पण आपल्या धर्मसमजुतीमुळें तें म्हणत नसत. १९८५ सालीं त्यांस शाळेंतून काढण्यांत आलें. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यांत १९८६ सालीं न्यायालयानें असा निकाल दिला कीं, मुलें आदरानें उभीं राहत होतीं, त्यांनीं कोणाच्या गाण्यांत व्यत्यय आणला नाहीं, सबब न म्हणण्याबद्दल त्यांस काढून टाकणें हें त्यांच्या विवेकस्वातंत्र्याचें उल्लंघन होय. ही मुलें अतिशय श्रद्धाळू होतीं, आणि आमच्या चर्चेंतला मुलगा श्रद्धाहीन आहे. पण तत्त्व दोघांस सारखेंच लागू आहे. उभें राहणें सर्वांचें, म्हणणें ज्याच्या त्याच्या मनाचें. तसेंच राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानें, सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेंत कोणासहि त्याच्या संमतीवांचून, व तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवांचून, धर्मोपासनेस हजर राहण्याची सक्ति करतां येत नाहीं. आमच्यासारख्या मिशन शाळांस हा नियम परिचित आहे, आणि त्यायोगें आमच्या सकाळच्या प्रार्थनेचें कांहीं नुकसान झालें असें आम्हांस दिसत नाहीं. घर म्हणजे शाळा नव्हे व घरांत कायदा चालवूं नये, हें खरें. पण परक्यांच्या मुलांस जी मोकळीक आपण देतों ती आपल्या मुलांस नाकारणें हें कांहीं शोभणारें नाहीं.

कोणी म्हणेल, असें अर्धवट राहणें प्रत्यक्षांत साधतें काय? साधतें. चार्ल्स डार्विन यांचें उदाहरण घ्या. त्यांच्या पत्नी एमा या मनापासून धर्मनिष्ठ होत्या, आणि पतीचा विश्वास ढळत आहे याचें त्यांस फार दुःख होतें. १८३९ सालीं लग्न झालें त्या सुमारास त्यांनीं पतीस लिहिलेल्या पत्रांतून तें दिसून येतें. डार्विन उत्तर वयांत स्वतःस अज्ञेयवादी म्हणवीत. रविवारीं घरची मंडळी उपासनेस निघाली म्हणजे ते त्यांच्याबरोबर चालत जात, आणि मंडळी आंत गेल्यावर आपण फिरावयास जात. आंत जाऊन बसण्याचें सोंग त्यांनीं केलें नाहीं, व मंडळींस जाऊं नका असेंहि म्हटलें नाहीं. १८८२ सालीं त्यांचें देहावसान होईपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षें, तो संसार टिकला.

दुसरें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांतलें आहे. गोपाळ गणेश आगरकर यांनीं १८८८ सालीं 'सुधारक' पत्र काढलें व त्यांत रूढींवर जे प्रहार केले ते सर्वश्रुत आहेत. पण त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या व श्रद्धाळू होत्या, आणि आगरकरांनीं आपलीं मतें त्यांजवर लादलीं नाहींत. जो मनुष्य वर्तमानपत्रांत साऱ्या समाजाशीं भांडावयास भीत नव्हता, तो घरांत गप्प राहिला तो भ्यालेपणामुळें राहिला, असें कोण म्हणेल? यास्तव आमच्या तरुण मित्रांस आमचें सांगणें असें कीं, जेवणाच्या वेळचें मौन म्हणजे भित्रेपणा नव्हे. वादास स्थळ व काळ असतो. आईनें भाकरी भाजून नुकतीच ताटांत वाढली आहे, ती निवत असतां देवाच्या अस्तित्वावर व्याख्यान देणें, यांत सत्याची सेवा होत नाहीं. केवळ कालवण गार होतें.

एक अडचण मात्र मौनानें सुटत नाहीं. ती म्हणजे, 'आज तूं प्रार्थना कर,' असें वडिलांनीं सांगितलें तर काय करावें? आमचें उत्तर असें कीं, ही वेळ येण्यापूर्वींच बोलून ठेवावें. सुटी लागून घरीं आल्यावर, पाहुणे नसतांना, संध्याकाळीं अंगणांत किंवा चालतां चालतां, आईवडिलांस एकांतांत सांगावें कीं, प्रार्थनेच्या वेळीं मी तुमच्याजवळ बसेन, पण मला म्हणावयास सांगूं नका, कारण मनांत नसतां म्हटलें तर तुमच्या देवाचाहि तो अपमान होईल. हें बोलणें कठीण आहे, आणि त्या रात्रीं घरांत कोणास झोंप येणार नाहीं हेंहि शक्य आहे. पण दहा माणसांच्या पंगतींत, पाळकसाहेब समोर बसले असतां, 'मी म्हणणार नाहीं' असें उत्तर ऐकण्यापेक्षां तें दुःख आईबापांस पुष्कळ सोसवेल. आणि वेळ आलीच तर, 'बाबा, आज आपणच म्हणा,' एवढे चार शब्द पुरे आहेत. कित्येक तरुण अशा वेळीं देवाचें नांव गाळून शेतकऱ्याचे व रांधणाऱ्या हातांचे आभार मानतात. मनापासून असेल तर तें चांगलेंच आहे. परंतु तें प्रार्थनेच्या जागीं, टोमणा म्हणून बोललें तर त्या शेतकऱ्याचाहि मान राहत नाहीं. आईनें रांधलें याबद्दल तिचे आभार मानावयाचे असतील तर जेवण झाल्यावर तिच्याबरोबर चार भांडीं घासावीं; तें तिला अधिक समजेल.

आतां वडीलमाणसांस दोन शब्द. येथें आम्ही अधिक स्पष्ट बोलणार आहों, कारण अधिकार त्यांच्या हातीं आहे, आणि ज्याच्या हातीं अधिकार त्याची जबाबदारी मोठी.

पुष्कळ घरांत असें होतें कीं, मुलानें विश्वास सोडल्याचें कळलें म्हणजे भोजनप्रार्थना एकाएकीं लांबते. पूर्वीं अर्ध्या मिनिटांत आटपणारी प्रार्थना पांच मिनिटें चालते, आणि तींत भटकलेल्या मेंढराचा, उधळ्या पुत्राचा व विद्येच्या गर्वाचा उल्लेख येतो. ऐकणाऱ्या प्रत्येकास कळतें कीं, हे शब्द वर जात नसून समोरच्या ताटाकडे जात आहेत. आम्ही विचारतों, ही प्रार्थना कोणापाशीं झाली? मनुष्यांनीं ऐकावें म्हणून केलेल्या प्रार्थनेविषयीं प्रभूनें मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत काय सांगितलें आहे तें आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. मुलासाठीं अवश्य प्रार्थना करावी. ती खोलींत जाऊन, दार लावून करावी. पंगतींत केवळ अन्नाचे उपकार मानावे.

या संबंधांत शारदासदनाची हकीकत विचार करण्यासारखी आहे. पंडिता रमाबाई यांनीं १८८९ सालीं मुंबईंत स्थापिलेली ती संस्था पुढें पुण्यास आली. धर्माच्या बाबतींत संस्था तटस्थ राहील असें ठरलेलें होतें. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, दार लावून घेत नसत, आणि कांहीं मुली तेथें जाऊन बसत. यावरून १८९३ सालीं मोठा वाद माजला. रानडे, भांडारकर प्रभृतींनीं सल्लागार मंडळ सोडलें व अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. पण दार उघडें ठेवणें निराळें व हात धरून आंत ओढणें निराळें, हा भेद त्या वेळीं दोन्ही पक्षांच्या तोंडीं होता. जेवणाची जागा तर खोलीहूनहि नाजूक आहे. खोलींत न जाणें मुलाच्या हातीं असतें. पंगतींतून उठावयाचें तर अन्न टाकून उठावें लागतें. म्हणून तेथें प्रार्थना करणाऱ्यानें अधिकच जपलें पाहिजे.

आणि ओढून कोणी येतो काय? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हां ख्रिस्ती झाल्या नाहींत. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. मधल्या काळांत त्या पतीकडे राहावयास आल्या तेव्हां आरंभीं त्यांनीं आपला स्वयंपाक व सोंवळें निराळें ठेवलें होतें, आणि त्या घरानें तें चालूं दिलें. पुढें त्यांचें मन पालटलें तें स्वतःच्या विचारानें पालटलें, हें 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्या सर्वांस ठाऊक आहे. एका घरांत दोन चुली मांडून टिळकांचा संसार चालूं शकला, तर एका टेबलाशीं एक मिटलेलें तोंड आम्हांस कां सोसूं नये?

याहून मोठें कारण आमच्या समाजाच्या इतिहासांतच आहे. महाराष्ट्रांतील आम्हां ख्रिस्ती लोकांपैकीं पुष्कळांच्या घराण्यांत कोणी तरी आजा-पणजा असा होऊन गेला कीं, वाडवडिलांच्या पंगतींत बसून वाडवडिलांच्या देवाचें नांव घेणें त्यास अशक्य झालें. त्याचें मन बदललें होतें व तोंडानें खोटें बोलावयास तो तयार नव्हता. त्याबद्दल कोणास पंगतींतून उठविलें, कोणास घरांतून काढलें, कोणाच्या नांवानें घरच्यांनीं आंघोळ केली. त्या पुरुषांच्या व स्त्रियांच्या धैर्याचीं वर्णनें आम्ही अभिमानानें करितों. ज्यांनीं त्यांस हांकलून दिलें त्यांस आम्ही कठोर म्हणतों. मग आज आमच्याच मुलाचें मन दुसऱ्या दिशेस वळलें असतां आम्ही त्यास हांकलणाऱ्यांच्या शब्दांत बोलूं लागलों, तर तो अभिमान कशाचा होता? आमच्या मतें त्या मुलाचा निष्कर्ष चुकलेला आहे. परंतु मनांत नाहीं तें म्हणणार नाहीं, हा जो त्याचा बाणा, तो त्यास आमच्याकडूनच मिळालेला आहे, आणि तो मोडून टाकणें म्हणजे घरांतली सर्वांत चांगली वस्तु फोडणें होय.

घरच्यांचा एक आक्षेप राहिला. 'आमच्या घरांत, आमचें अन्न खाऊन, आमच्या चालीप्रमाणें वागावयास नको काय?' चालीप्रमाणें अवश्य वागावें; थांबावें, गप्प बसावें, लहान भावंडांस हंसवूं नये, मोबाईल बाजूस ठेवावा. पण अन्न हें प्रार्थनेचें मोल नव्हे. ज्यास आम्ही देवाची देणगी म्हणतों ती भाकरी, तीच पुढच्या क्षणीं मुलाच्या जिव्हेवर जप्ती आणण्याचें साधन करणें, हा आमच्याच प्रार्थनेचा विपर्यास होय. आणि सक्तीनें काय मिळतें हेंहि पाहावें. सक्तीनें मिळालेलें 'आमेन' देवास नको, आईस त्यांत समाधान नाहीं, आणि धाकट्या भावंडांस त्यांतून एवढेंच शिक्षण मिळतें कीं, तोंडानें म्हटलें म्हणजे झालें.

तीच गोष्ट उलट दिशेनें. आमच्या शाळेंतील ख्रिस्ती मुलगा हिंदु मित्राच्या घरीं जेवावयास जातो, तेथें श्लोक चालूं असतां त्यानें स्वस्थ बसावें, हेंच आम्ही त्यास सांगतों. आणि हिंदु अथवा मुसलमान मित्र आमच्या घरीं आला असतां त्यानेंहि तेवढेंच करावें. परक्यास जें पुरेसें आहे तें पोटच्या पोरास अपुरें कां असावें?

सारांश, प्रार्थना करणाऱ्यानें ती नेहमींसारखी, थोडक्यांत व देवास उद्देशून करावी. तिच्यांत कोणास टोंचूं नये व कोणावांचून ती अडून राहूं नये. न मानणाऱ्यानें वेळेवर यावें, थांबावें, गप्प बसावें, आणि विचारल्यास खरें सांगावें. या नियमानें मुलगा पुन्हां विश्वासांत येईल असें आश्वासन आम्ही आईबापांस देऊं शकत नाहीं, आणि त्यांचें दुःख आम्ही लहान समजत नाहीं. पण या नियमानें तो सुटींत घरीं येत राहील. घरीं येण्याचें टाळणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांपैकीं कित्येकांच्या टाळण्याचें मूळ धर्मांत नसून जेवणाच्या वेळच्या त्या पांच मिनिटांत होतें. येत्या नाताळांत आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा मुलगा किंवा मुलगी येणार असेल, त्यांनीं त्याचें ताट नेहमींच्या जागीं वाढावें, प्रार्थना नेहमींएवढीच करावी, आणि 'आमेन' झाल्यावर पहिली भाकरी त्यास द्यावी.